तांदळाच्या डब्यातला सिंथ

पावसाळ्यात माझा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, विजेवर सूर काढणारं वाद्य, तांदळाच्या डब्यात असतो. पत्र्याचा जुना मोठा डबा, त्यात आता तांदूळ नाहीत, सिलिका जेलच्या पुड्या आहेत आणि एका सुती लुंगीत गुंडाळलेलं ते छोटंसं यंत्र. सिंधुदुर्गातल्या शिरोड्यात राहणाऱ्याला ह्याचं कारण सांगायला नको. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मिठागरं, हवेतच मीठ, खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवा नाहीतर पापुद्रे सुटतात, तिथे नॉबच्या आतल्या एवढ्याशा पट्टीची काय कथा. गेल्या जूनमध्ये चार दिवस टेबलावर राहिला तर कटऑफचा, म्हणजे आवाज झाकायचा-उघडायचा, नॉब फिरवला की आधी खर्रर्र आणि मग आवाज. मग मागचे स्क्रू काढा, काँटॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा मारा, नॉब ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस-पन्नास वेळा फिरवा, तासभर पंख्याखाली ठेवा, परत ऐका.

परवा मुंबईहून आलेल्या मित्राने विचारलं, अरे तू हे एवढं जपतोस पण ह्या इलेक्ट्रॉनिक संगीतात ऐकायचं काय असतं, चाल नाही, शब्द नाहीत, तासभर तेच धप धप धप. प्रश्न मनापासून होता. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय, जरा लांबेल.

आधी एक करून बघा. कुठलाही एक सूर धरा, तुमच्या गळ्याला सोपा असेल तो, आणि सूर अजिबात न हलवता तोंडाने ऊ म्हणा, मग हळूहळू ओ, आ, ए, ई. घाई नको, एका श्वासात. सूर तोच आहे ना? पण आवाज बंद खोलीतून अंगणात आल्यासारखा उघडत जातो, आणि ई पाशी वर कुठेतरी शिट्टीसारखं बारीक काहीतरी ऐकू येतं. झालं, फिल्टर म्हणजे हेच. सिंथ एक जाडजूड सूर काढतो, त्याला सॉ वेव्ह म्हणतात, करवतीच्या दात्यांसारखी लहर. खालचा सूर 55 हर्ट्झचा असेल तर त्याच्या पोटात 110, 165, 220 असे वरचे सूर आधीच भरलेले असतात. कटऑफचा नॉब डावीकडे नेला की वरचे सगळे झाकले जातात आणि फक्त घुमणारा तळ राहतो, उजवीकडे नेला की एकेक उघडत वर येतात. रेझोनन्स नावाचा दुसरा नॉब वाढवला की जिथे झाकण असेल तिथलाच सूर फुगतो, किंचाळायला लागतो, ओलं रबर काचेवर घासल्यासारखा. म्हणजे चाल बदलतच नाही, बदलतो तो आवाजाचा पोत. कान चाल शोधत बसला की कंटाळा येणारच, कारण ती तिथे ठेवलेलीच नाही.

आणि हे आपल्या कानाला परकं आहे असं मला कधीच वाटलेलं नाही. मिरजेला तानपुरे बनतात, तिथल्या कारागिराला तारेखाली जवारीचा दोरा सरकवताना कोणी बघितलं असेल तर माझं म्हणणं लगेच पटेल. सुताचा एवढासा धागा घोडीवर केसभर पुढे-मागे केला की तीच तार, जी आत्ता ठप्प वाजत होती, ती झणझणायला लागते आणि एका सुरातून वरचे सूर धबधब्यासारखे खाली येतात. चार तारा, तासन् तास तेच, आणि गवई त्याच्या समोर डोळे मिटून बसतो. त्याला कोणी विचारत नाही की बुवा, ह्यात चाल कुठे आहे.

आता ज्या यंत्रामुळे हे सगळं झालं त्याच्याबद्दल, कारण ती गोष्ट मला फार आवडते. जपानच्या रोलँड कंपनीने 1981 मध्ये टीबी-303 नावाचा चंदेरी रंगाचा छोटा डबा काढला. (आपल्याकडे बेंजो पार्टीमुळे रोलँड म्हणजे ऑक्टोपॅड एवढंच लोकांना माहीत, तो 1985 चा.) 303 काढला होता एकट्या गिटारवाल्यासाठी, घरी बसून रियाज करताना बेसची साथ मिळावी म्हणून. तो बेस गिटारसारखा वाजलाच नाही. सूर भरायची पद्धतही विचित्र, आधी सगळे सूर टाका, मग त्यांचा ताल वेगळा टाका. खपला नाही, 1984 पर्यंत बंद पडला, जेमतेम दहा हजार नग बनले असतील आणि ते जुन्या बाजारात कवडीमोल भावाने गेले. आणि तिथून तो शिकागोच्या पोरांच्या हाती लागला. फ्यूचर नावाच्या तिघांच्या ग्रुपने त्याचे नॉब वाजता वाजता फिरवायला सुरुवात केली, जे कंपनीच्या डोक्यातही नव्हतं. त्यांची टेप तिथल्या क्लबात रॉन हार्डी नावाच्या डीजेने लावली तेव्हा पहिल्यांदा लोक नाचायचे थांबले, मग त्याने त्याच रात्री ती परत लावली, परत, आणि चौथ्यांदा लावली तेव्हा माणसं वेडी झाली, असं सांगतात. 1987 मध्ये तिची रेकॉर्ड निघाली आणि नाचाच्या ह्या संगीताला ॲसिड हाउस नाव पडलं.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, 1982 मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकाने हेच यंत्र वापरून आख्खी रेकॉर्ड केली होती. हा माणूस हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा. त्याने 303, 808 नावाचं ड्रम मशीन आणि ज्युपिटर-8 सिंथ घेतला आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. मेघ मल्हार, मालकंस, ललित. तेव्हा कोणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती रेकॉर्ड हॉलंडमधून परत निघाली तेव्हा जगभरचे लोक चक्रावले, सत्तरी गाठलेल्या माणसाला युरोपात वाजवायला बोलावलं, 2015 मध्ये ते गेले. शिकागोवाल्यांनी त्यांचं ऐकलं होतं असं काही नाही, दोघं आपापल्या जागी त्याच आवाजाशी पोचले. मला ह्यातलं सगळ्यात जास्त काय भिडतं सांगू, 303 मध्ये स्लाइड असते, एक सूर सरळ न तुटता पुढच्या सुरात घसरत जातो. ती मींड आहे हो. शिकागोच्या पोरांना ती घसरगुंडी वाटली असेल, चरणजित सिंगांना ती ओळखीची वाटली असणार. मी पहिल्यांदा त्यांचा मालकंस हेडफोन लावून ऐकला तेव्हा पडवीत बसलो होतो, बाहेर झिमझिम पाऊस, आणि मी तो संपल्यावर पुन्हा लावला, आणि पुन्हा, जेवायला आईने तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला ती स्वतःच आली, एक कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "पंप सुको फिरता काय रे?" आणि खरंच, विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटार जशी वर चढत जाते तसा तो आवाज असतो, तिचा कान बरोबर होता.

अजून मागे जायचं तर 1969 मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत, मूग कंपनीचा सिंथ आला होता, डेव्हिड ट्युडर नावाच्या अमेरिकन संगीतकाराने स्टुडिओ उभा करून दिला आणि तिथे आपल्या लोकांनी टेपवर प्रयोग केले, त्या टेपा कितीतरी दशकं कपाटात पडून होत्या. 2023 मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली. त्यावर एकदा वेगळं लिहीन.

मला स्वतःला हे संगीत आधी ऐकू आलं ते पाण्यावरून. मामाचं घर रेडीला. लहानपणी नाताळच्या सुट्टीत तिकडे असायचो, रात्री दिवे मालवले की दक्षिणेकडून, तेरेखोलच्या खाडीपलीकडून, गोव्यातल्या केरी-हरमलच्या बाजूने एक ठोका यायचा. सूर नाही, फक्त ठोका. खालचे सूर लांबवर पोचतात, वरचे वाटेत झाडापेडात विरतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं कुठल्यातरी गावात ढोल वाजतोय आणि कोणी थांबतच नाहीये. वारा फिरला की ठोका जायचा, परत यायचा. मी झोपेत आणि जागेपणात मिळून रात्रभर तो ऐकायचो. पुढे कॉलेजात असताना बाइकवरून फेरीबोटीने पलीकडे गेलो, हणजूणपर्यंत, आणि स्पीकरसमोर उभा राहिलो तेव्हा त्या ठोक्याच्या वर काय काय असतं ते पहिल्यांदा ऐकलं. लहानपणापासून ज्या घराचा फक्त पाया दिसत होता त्याच्या भिंती, माड्या, कौलं सगळं एकदम दिसावं तसं.

गोवा ट्रान्स, म्हणजे तिथल्या पार्ट्यांतलं हे संगीत, कसं घडलं ह्यात उष्ण हवेचा मोठा हात आहे. गोव्याच्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्डच्या तबकड्या टिकत नाहीत, वाकतात. म्हणून ऐंशीच्या दशकात हणजूणच्या पार्ट्यांत डीजे कॅसेटी वापरायचे. युरोपातून आलेल्या गाण्यांमधला गाणाऱ्याचा आवाज कापून टाकायचे, फक्त वाजवण्याचा भाग जोडून जोडून लांबवायचे. पुढे डॅटच्या, म्हणजे डिजिटल, टेपा आल्या. त्यात वेग कमीजास्त करून एका ट्रॅकचा ठोका दुसऱ्याशी जुळवायची सोय नव्हती, म्हणून ट्रॅक बनवणाऱ्यांनीच सुरुवातीला आणि शेवटी बिनठोक्याचा, तरंगता, लांब भाग ठेवायला सुरुवात केली, एक विरत असताना दुसरा त्यात उगवेल असा. म्हणजे आज ज्याला आपण "काय भारी माहोल उघडतो" म्हणतो तो माहोल टेप मशीनच्या अडचणीतून आलाय. गोवा गिल, जो सॅन फ्रान्सिस्कोहून सत्तरच्या सुमाराला आला आणि साधू झाला, तो चोवीस चोवीस तास सलग वाजवायचा. 2023 मध्ये तो गेला. एक दिवस एक रात्र एका माणसाने ठोका सांभाळायचा. आपल्याकडे सप्त्याला अखंड भजन चालतं त्याच्याशी मी ते मनात ताडून बघतो, तिथे पहारे बदलतात, इथे एकच माणूस पहाऱ्यावर.

ठोक्याचा हिशोब पण सांगतो. सायट्रान्स, म्हणजे सायकेडेलिक ट्रान्स, साधारण मिनिटाला 145 ठोक्यांच्या आसपास जातो. एका ठोक्याचे चार भाग, पहिल्या भागावर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा धप्, आणि उरलेल्या तिन्हींवर बेस. म्हणजे प्रत्येक भाग सेकंदाचा दहावा हिस्सा. धा-गडग-धा-गडग असं काहीतरी, पायाला किक कळते आणि पोटाला बेस. ते इतकं सारखं असतं की दहा मिनिटांनी कान त्याची नोंद घेणं सोडून देतो, पंख्याचा आवाज जसा ऐकू यायचा थांबतो. आणि तिथूनच खरी मजा सुरू होते, कारण आता कान मोकळा झाला, आता वर जे बारीक काहीतरी सरकतंय, डावीकडून उजवीकडे जातंय, किंचित उघडतंय, ते ऐकू येतं. आठ आठ ठोक्यांनी केसभर बदल. माणूस घड्याळ बघायचं विसरतो. तास गेला हे कळतच नाही.

सायकेडेलिक म्हटलं की लोक नशेचं विचारतात, घरी तर हमखास. मी कधीही काही घेतलेलं नाही आणि ऐकायला काही लागतं असं मला वाटत नाही, सकाळी पेज-लोणचं खाऊन दहा वाजता हेडफोन लावला तरी आवाज तितकाच उघडतो. नशेपायी माणसं गेलीयत, घरं बसलीयत, किनारपट्टीवर हे आम्ही जवळून बघितलंय, त्यात काही मोठेपणा नाही. आणि हल्ली जिथे टेबल बुक करून बाटल्या मांडून हे लावतात तिथेही मला जमत नाही. एका ठिकाणी मी दोन हजार मोजून आत गेलो आणि दर तीन मिनिटांनी कोणीतरी माइकवर ओरडत होतं, हात वर करा म्हणून. जो आवाज उघडायला दहा मिनिटं लागतात त्याला तीन मिनिटंसुद्धा दिली नाहीत. तासाभरात बाहेर पडलो आणि फेरीबोटीची वाट बघत धक्क्यावर बसलो, फार वाईट वाटलं.

अंडरग्राउंड म्हणजे माझ्या लेखी लपूनछपून केलेलं नव्हे. रेडिओवर नाही, सिनेमात नाही, कोणीतरी कोणालातरी हाताने दिलेलं. डबलबारी भजनाच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, कॅसेटी अशाच फिरायच्या ना आमच्याकडे, एकाने बारीत बसून भरलेली, दुसऱ्याने बाजारात कॉपी करून घेतलेली, आवाज घासलेला, पण बुवांचा गजर कुठे चढतो ते प्रत्येकाला पाठ.

आता मामाबद्दल. तात्यामामा दशावतारात मृदंग वाजवायचा, तीस वर्षं, आता फक्त गावच्या दहीकाल्याला बसतो. मला हे जे काही रात्रभर ऐकायचं वेड आहे ते त्याच्यामागे बसूनच लागलं. मध्यरात्री सुरू, उजाडेपर्यंत, पायपेटी, मृदंग, झांज एवढंच, संवाद लिहिलेले नाहीत, नट बोलता बोलता रचतो आणि मृदंगवाला त्याच्या पावलांकडे बघून ठरवतो. सुरू व्हायच्या आधी मामा मांडी घालून बसायचा आणि कणकेचा ओला गोळा घेऊन मृदंगाच्या डाव्या पुडीवर लावायचा. लावायचा, हाताने थापटून सारखा करायचा, बोटाने एक घुम काढायचा, ऐकायचा, नखाने चिमूटभर कणीक काढायचा, परत घुम. माझ्या डोक्यात ते अजून ताजं आहे, बत्तीचा पिवळा उजेड, त्याच्या अंगठ्याला लागलेली कणीक, आणि कान पुडीकडे वाकवलेला. चिमूटभर कणकेने तळाचा सूर खाली जायचा. पुढे मी कटऑफचा नॉब पहिल्यांदा हातात धरला तेव्हा मला आधी ती कणीक आठवली, बाकी सगळं नंतर.

म्हणून मागच्या दिवाळीत मी सिंथ घेऊन रेडीला गेलो. ओटीवर मांडला, छोटा स्पीकर लावला, सोळा घरांचा, आपोआप फिरत राहणारा एक पॅटर्न चालू केला आणि वीसेक मिनिटं नॉब फिरवत राहिलो, त्याला दाखवायला. तो पूर्ण ऐकत बसला, मध्ये उठला नाही, पानसुद्धा लावलं नाही. मग म्हणाला, "आवाज बरो आसा. पण ह्येची लय हलणाच नाय रे. माणूस वाजवता तेवा हलता." मी म्हटलं मामा, लय बांधलेली आहे म्हणूनच तर आवाजाकडे लक्ष जातं. तो म्हणाला, "मगे नट दमलो तर ह्या काय करतला?"

ह्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करतोय. मामाला माझं म्हणणं पटलेलं नाही आणि माझं मला पटलेलं आहे, पण त्याचा मुद्दा खोटा नाही. यंत्राला समोरचा दमलाय हे कळत नाही. ते कळतं नॉबवरच्या हाताला. चांगला डीजे पहाटे चारला लोकांचे खांदे उतरलेले बघतो आणि फिल्टर झाकत नेतो, किक काढून घेतो, नुसता तरंग ठेवतो, आणि फटफटायला लागलं की हळूहळू परत उघडतो. म्हणजे लय नाही हलत, पण उजेड कमीजास्त होतो. मामाने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तर मगे हात दाखय, डबो कित्याक दाखयतस?"

तेव्हापासून मी पॅटर्न एकच ठेवतो आणि हाताचाच रियाज करतो. एक पॅटर्न, अर्धा तास, फक्त दोन नॉब. आमच्या काजूच्या बागेत मांगर, म्हणजे राखणीची झोपडी, आहे, तिथे थंडीत आम्ही दहा-बारा जण जमतो, बेंजो पार्टीकडून दोन बॉक्स भाड्याने आणतो, संध्याकाळी पाचला सुरू आणि दहाच्या आत बंद, कारण दहानंतर स्पीकरला कायद्याने बंदी आहे आणि पलीकडे म्हातारी माणसं झोपतात. त्या पार्टीतला ऑक्टोपॅड वाजवणारा पोरगा जबरदस्त आहे, लग्नात आणि गणपतीत वाजवतो, त्याला ह्यातलं एक नाव माहीत नव्हतं, पण दुसऱ्याच बैठकीत तो माझ्या बंद लयीच्या अलीकडे-पलीकडे असं काही मारायला लागला की ती लयच हलल्यासारखी वाटली. ते मामाने ऐकायला हवं होतं. यंदा त्याला मांगरात घेऊन यायचंय, खुर्ची लागेल, परतीला रिक्षा लागेल, आणि तो मृदंग आणणार का ते अजून विचारलेलं नाही.

रविवारी तो पोरगा येतोय, पाऊस उघडला तर. डबा आज उघडून बघितला, सिलिकाच्या पुड्या गुलाबी पडल्यात, म्हणजे पाणी भरलं त्यांत, तव्यावर मंद आचेवर भाजून परत निळ्या करायच्या. कटऑफ अजून थोडा खरखरतोय, डाव्या टोकाला, जिथे सगळं झाकलं जातं तिथेच.